मशीनच्या आधी नळाकडे बघा

पुण्यात राहतो, इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर. डिशवॉशर घेतल्यापासून त्याची एकच कुरकुर: पाणी पुरत नाही. कधी नळाचा दिवा लुकलुकत राहतो, कधी मशीन नुसतं घुमतं आणि भांडी खरकटीच बाहेर येतात. आता सोसायटीत कुणाचंही मशीन अडलं की हाक मला येते. त्या वाकण्या-बघण्यातून कळलेलं हे एवढं.

१. पाणी खरंच कमी आहे का, ते आधी बघा. कपडे धुण्याच्या मशीनची सवय असलेल्यांना वाटतं, टब भरला पाहिजे. डिशवॉशर कधीच भरत नाही. अख्ख्या धुण्याला साधारण दहा-बारा लिटर, म्हणजे एका वेळी तीन-चार लिटरच पाणी तो घेतो आणि तेच फिरवत राहतो. पाणी घेण्याचा आवाज थांबला की दार हळूच उघडा. तळाच्या गाळणीभोवती पाणी दिसलं तर ठीक. गाळणी कोरडी असेल तर पुढचं वाचा.

२. बादली आणि घड्याळ. अँगल कॉक बंद करून मशीनचा पाइप सोडवा, कॉकखाली बादली धरा आणि पूर्ण उघडा. मिनिटाला दहा लिटर यायला हवं. आमच्या मॅन्युअलमध्ये हाच आकडा आहे. कितीतरी घरांत आजार इथेच सापडतो. ओट्याखाली काहीतरी दुरुस्त करून गेलेल्या प्लंबरने कॉक अर्धाच उघडलेला असतो.

३. टाकी डोक्यावर आहे म्हणून पाणी जोरात येतं, हा गैरसमज. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. बहुतेक मशीन किमान अर्धा बार मागतात, म्हणजे पाण्याची पातळी नळापासून निदान पाच मीटर वर हवी. आमच्या नळापासून टाकी जेमतेम तीन-साडेतीन मीटरवर. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं मशीन सुरळीत आणि आमचं रुसलेलं. शिवाय सकाळी सगळ्या घरांचे नळ एकदम चालू, तेव्हा तर आनंदच. रात्री अकरानंतर लावलं की तेच मशीन निमूट चालायचं, त्यावरून निदान पक्कं झालं. शेवटी घरापुरता छोटा प्रेशर पंप बसवला. शॉवरलाही जोर आला, ही वरकमाई.

४. जाळी. पाइप मशीनला, किंवा काहींमध्ये नळाला जिथे जोडतात तिथे बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. सोसायटीची टाकी धुतली किंवा टँकर आला की दोन-चार दिवसांत ती बुजते. पक्कडीने अलगद ओढली की निघते. आमच्या जाळीवर तपकिरी गाळाचा थर होता आणि त्यात अडकलेला पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा तुकडा. जुन्या टूथब्रशने घासायची, बोअरच्या पाण्याचा क्षार असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवायची. ‘कटकट नको’ म्हणून काही जण जाळीच काढून टाकतात. मग तोच खडा आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि मशीन बंद असतानाही पाणी आत झिरपत राहतं. आणि एक: पाइपच्या नळाकडच्या टोकाला प्लास्टिकची डबी असेल तर ती पाण्यात बुडवू नका. तिच्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो.

५. सगळ्यात चकवणारा प्रकार सांडपाण्याच्या पाइपचा. आपल्याकडे हा पाइप सर्रास नहाणीच्या जाळीत खुपसून मोकळे होतात. तो सगळाच जमिनीलगत राहिला तर मशीन एकीकडून पाणी घेतं आणि दुसरीकडून ते आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. मशीन म्हणणार, पाणी येत नाही. आपण नळ तपासत बसणार. पाणी भरण्याचा आवाज चालू असताना नहाणीशी कान द्या. तेव्हा तिथे धार लागायचं काही कारण नाही. पाइप सिंकखाली वर उचलून, फूट-दीड फुटावर क्लिपने अडकवला की प्रश्न मिटतो. काही मशीनमध्ये आतच ही सोय असते, सगळ्यांत नाही.

६. पातेली पालथी. सासूबाईंना अजून पटत नाही. पालथं घातलेलं भांडं आतून धुतलं कसं जाणार? पण उताणं राहिलेलं कुकरचं भांडं दीड-दोन लिटर सहज धरून बसतं आणि मुळात पाणी तीन-चार लिटर. पंप गुरगुरायला लागतो तो त्यामुळे. साध्या भांड्यांच्या साबणाचा फेस झाला तरी असाच आवाज येतो.

७. मशीन पाणी घेतच नाही, उलट उपसायचा पंप सारखा चालू आहे, तर बुडाच्या ट्रेमध्ये गळती साचली आहे. तिथला फ्लोट वर उचलला गेला की पाण्याची वाट बंद होते. नळ बंद करा, प्लग काढा. मशीन तिरकं करून पाणी काढता येतं, पण गळती सापडेपर्यंत परत लावू नका.

८. एवढं करूनही अडलं तर सर्व्हिसवाला. तो आल्या आल्या ‘बोर्ड गेलाय’ म्हणाला तर शांतपणे विचारा, दादा, इनलेट व्हॉल्व्हला वीज पोहोचते का ते मीटर लावून दाखवता? वीज पोहोचते आणि पाणी येत नाही, तर व्हॉल्व्ह गेला. पोहोचतच नसेल तर फ्लोट, वायरिंग आणि दाराचा स्विच बघायचा, मगच बोर्ड. व्हॉल्व्ह बोर्डाच्या मानाने बराच स्वस्त पडतो.