लग्नाचे फोटो घरच्या घरी : खर्च वाचवा, आठवण राखा
(सभासद शिक्षण पाठ)



गाळप हंगाम आटोपत आला की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. 'लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून' ही म्हण प्रत्येकाला ठाऊक आहे. मांडव, पंगत, कपडे, दागिने, वाजंत्री या खर्चांचा हिशोब घरात आधी बसून होतो. पण गेल्या काही वर्षांत एक नवा खर्च न बोलावता येऊन बसला आहे, तो फोटो आणि व्हिडिओचा. लग्नाआधीचे शूटिंग, आकाशातून घिरट्या घालणारा ड्रोन, वीतभर जाडीचा अल्बम असे एक-एक करीत हा आकडा कधी वाढतो ते कळत नाही.

या पाठात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जंगल जिल्हे आम्ही डोळ्यांसमोर ठेवले आहेत. इथे धान हे मुख्य पीक. ऊस लावणारे सभासद थोडे आणि विखुरलेले. हातात रोकड येण्याचे दिवस मोजके असतात आणि लग्नेही त्याच दिवसांत येतात. फोटो काढू नका, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. फोटो हवेतच. पण ते ठरवून काढावे, घरच्या माणसाने काढावे आणि जपून ठेवावे, एवढेच या पाठाचे सांगणे आहे.

हिशोब टनात मांडा

रुपयांचा आकडा ऐकून डोळे उघडत नाहीत, म्हणून तो उसाच्या टनात मांडू. समजा, फोटो-व्हिडिओचा ठेका ६०,००० रुपयांना ठरला. उसाचा भाव टनाला ३,००० रुपये धरला, तर २० टन ऊस त्यात गेला. हा ऊस लावायला, पाणी द्यायला, राखायला वर्ष लागले. रक्कम हातउसनी नसून महिना शेकडा २ रुपये व्याजाने काढली असेल, तर दरमहा १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये नुसते व्याज झाले. म्हणजे आणखी जवळजवळ पाच टन.

काही घरांत पीककर्जाचा पैसा लग्नाकडे वळतो. ते आणखी महाग पडते. पीककर्जावरील व्याजाची सवलत वेळेवर परतफेड करणाऱ्यालाच मिळते. मुदत चुकली की सवलत गेली, आणि पुढच्या हंगामात खताला पैसा नाही.

आता दुसरी बाजू पाहा. घरच्या घरी फोटो काढायचे तर खर्च असा धरू : मोबाईलचे तिकाटणे आणि एक एलईडी दिवा २,५०० रुपये, १०० फोटोंचे प्रिंट दर १५ रुपयांप्रमाणे १,५००, साधा अल्बम ५००, दोन पेन ड्राइव्ह १,००० आणि फोटो काढणाऱ्या दोघांना आहेर २,०००. एकूण ७,५०० रुपये, म्हणजे अडीच टन ऊस. भाव आम्ही धरून चाललो आहोत. आपल्या बाजारातले भाव घालून प्रत्येकाने हे गणित पुन्हा करावे.

हौशी माणसाला जमेल काय?

जमेल. आपल्या देशात फोटोची कला रुजवणाऱ्यांत हौशी माणसेच पुढे होती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. दोघेही पेशाने डॉक्टर.

अलीकडचे पाहायचे तर १९७०-८० च्या सुमाराला पुष्कळ घरांत आग्फा क्लिक-३ हा डबा कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये १२ फोटो निघत. बाराच असल्यामुळे माणूस विचार करून बटण दाबी : आता आजीचा, आता मामाचा, एक पाठवणीला राखून ठेवा. आज खिशातल्या मोबाईलमध्ये हजार फोटो मावतात. म्हणून एकाच हाराचे चाळीस फोटो निघतात आणि आजी मात्र एकाही फोटोत सापडत नाही.

हे साधे वाटते, पण विचार करा. घरातले वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायला फोटो शोधावा लागतो. बहुतेक वेळा तो कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापूनच काढलेला असतो. म्हणून लग्नाचा फोटो हा केवळ नवरा-नवरीचा नसतो, त्या दिवशी हजर असलेल्या सगळ्या गोताचा तो दाखला असतो.

आधी बारांची यादी

डबा कॅमेऱ्याची शिस्त मोबाईलला लावावी. लग्नाच्या आठ दिवस आधी घरातल्यांनी बसून, काहीही झाले तरी चुकवायचे नाहीत असे १२ फोटो लिहून काढावे. नमुना असा :

१. मांडवापुढे घरची सर्व माणसे
२. आजी-आजोबांसोबत नवरदेव किंवा नवरी
३. हळद
४. देवक किंवा कुळाच्या देवाची पूजा
५. वरपक्षाचे स्वागत
६. अंतरपाट दूर होण्याचा क्षण
७. एकमेकांना हार घालताना
८. सप्तपदी किंवा आपल्या पद्धतीचा मुख्य विधी
९. दोन्हीकडचे आई-वडील
१०. मामा-मामी, आत्या, मावश्या
११. पंगत, आणि स्वयंपाकाला, पाण्याला राबणारी माणसे
१२. पाठवणी

आपल्या भागात लग्ने एका पद्धतीने होत नाहीत. बौद्ध पद्धतीच्या विवाहात त्रिशरण-पंचशील आणि वधू-वरांच्या प्रतिज्ञा यांना यादीत स्थान द्यावे. गोंड-माडिया समाजातील लग्नांत मांडवाच्या डहाळ्या, नाच, गाणी यांचे महत्त्व मोठे असते. मात्र देवाच्या कार्याचा फोटो काढण्याआधी भूमक किंवा जाणत्या माणसाला विचारावे. त्यांनी नको म्हटले तर नको. अकरावा फोटो आम्ही मुद्दाम घातला आहे. राबणारे हात कोणत्याही अल्बमात दिसत नाहीत, ते आपल्या अल्बमात दिसावेत.

कोणाला सांगावे?

'सगळ्यांकडे मोबाईल आहेत, निघतील फोटो' या भरवशावर राहू नये. दोन माणसे नेमावीत. एकाने विधीजवळ राहावे, दुसऱ्याने पाहुणे, पंगत आणि घोळके टिपावेत. मामा, करवली, नवरदेवाचा भाऊ यांना हे काम देऊ नये, कारण ऐन वेळी त्यांना विधीत उभे राहावे लागते. कॉलेजात जाणारी भाची, शेजारचा मुलगा किंवा हात स्थिर असलेला मित्र चालेल. त्यांना आधी जेवायला घालावे, यादी हातात द्यावी आणि शेवटी सन्मानाने आहेर करावा. फुकट राबवून घेतलेले काम मनापासून होत नाही. आठ दिवस आधी त्यांनी दुसऱ्या एखाद्या लग्नात किंवा वाढदिवसाला हात बसवून घ्यावा.

प्रकाशाचे चार नियम

पहिला : वैशाखात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या भर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. घोळक्याचे फोटो सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर घ्यावे. दुपारीच घ्यायचे तर आंब्याच्या किंवा मोहाच्या दाट सावलीत, उघड्या बाजूकडे तोंड करून माणसे उभी करावी. सूर्य माणसांच्या पाठीशी आला तर चेहरे काळे येतात.

दुसरा : मांडवाचे कापड रंगीत असेल तर त्यातून गाळून येणारा प्रकाशही रंगीत होतो आणि माणसे लाल-निळी दिसतात. विधीच्या जागेवर वर पांढरे कापड लावायला मंडपवाल्याला आधीच सांगावे. यात जादा खर्च नाही, फरक मात्र मोठा पडतो.

तिसरा : गोरज मुहूर्तावर उजेड भराभर कमी होतो. एलईडी दिवा चेहऱ्याच्या थोडा वर आणि बाजूला धरावा, थेट डोळ्यांवर नको. पिवळे बल्ब आणि पांढरे दिवे एकत्र लावू नयेत.

चौथा : हळदीच्या दिवशी हातांना हळद-तेल असते, ते मोबाईलच्या भिंगाला लागते आणि पुढचे सारे फोटो धुरकट येतात. खिशात धुतलेला सुती रुमाल ठेवावा आणि दर थोड्या वेळाने भिंग पुसावे.

ऐन वेळी

आदल्या रात्री मोबाईल पूर्ण चार्ज करावा, जुने फोटो दुसरीकडे उतरवून जागा मोकळी करावी. वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून पॉवर बँक जवळ असावी. विधी सुरू होताच मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर मंगलाष्टकांच्या मध्येच फोन वाजून व्हिडिओ तुटतो. उन्हात तापून मोबाईल बंद पडू शकतो. काम नसेल तेव्हा तो सावलीत, कापडी पिशवीत ठेवावा.

दूरचे जवळ ओढण्यासाठी बोटांनी झूम करू नये, दोन पावले पुढे जावे. व्हिडिओ मोबाईल आडवा धरून काढावा. अंतरपाटाच्या वेळी वधू किंवा वराच्या मागे उभे राहू नये. पाटाच्या टोकाशी, बाजूला उभे राहिले तर पाट दूर होताच दोघांचेही चेहरे मिळतात. आणि एक गोष्ट लाऊडस्पीकरवरून वडीलधाऱ्यानेच सांगावी : "पाहुणे मंडळींनी बसूनच अक्षता टाकाव्यात, मोबाईल घेऊन पुढे येऊ नये." कोणी रागावत नाही. उलट मागच्यांनाही लग्न दिसते.

सातवा फोटो कागदोपत्री कामाचा

विवाह नोंदणीसाठी महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व विवाहांची नोंदणी झाली पाहिजे असे सांगितले. खेड्यात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. वयाचा व रहिवासाचा पुरावा, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार यांच्याबरोबर लग्नाचा फोटो जोडतात. त्यासाठी हार घालतानाचा असा एक फोटो घ्यावा की दोघांचे चेहरे समोरून स्वच्छ दिसतील आणि मुंडावळ्यांनी झाकणार नाहीत. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी केलेली बरी. पुढे वारसा, पासपोर्ट, बँक, पेन्शन अशा कामांत मुलीला या कागदाचा मोठा आधार असतो. हजारो रुपयांच्या अल्बमपेक्षा हा एक फोटो जास्त उपयोगी पडतो.

लग्नानंतरचे काम

फोटो काढला म्हणजे काम संपले असे नाही. मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो, मुले खेळताना पुसून टाकतात. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सर्व फोटो दोन ठिकाणी उतरवावे : एक पेन ड्राइव्ह मुलीकडे, एक माहेरी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो, त्याचा मोठा प्रिंट फिकट येतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडील ज्या गावांत रेंज नीट मिळत नाही, तिथे वायरने उतरवून घेणेच बरे.

मग घरच्यांनी बसून १०० फोटो निवडावे आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी प्रिंट काढून आणावे. अल्बमात प्रत्येक फोटोखाली नावे, नाते, गाव आणि तारीख लिहावी. वीस वर्षांनी 'ही कोण?' असे नातवंडे विचारतील तेव्हा उत्तर त्या ओळीत मिळेल. पाहुण्या मुलीबाळींचे फोटो मात्र त्यांना विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

सहकाराचा उपाय

अनेक गावांत लग्नाची मोठी भांडी गावाची असतात. तसाच फोटोचा संच का नसावा? तिकाटणे, दोन दिवे, पॉवर बँक, एक साधा माइक हे बचत गटाने किंवा तरुण मंडळाने एकदा घ्यावे आणि अल्प भाड्याने द्यावे. गावातली दोन-चार मुले-मुली त्यात तयार होतील, त्यांना चार पैसेही मिळतील. ज्यांना धंदेवाईक फोटोग्राफर हवाच, त्यांनी संपूर्ण ठेका न देता फक्त मुख्य विधीच्या दोन तासांपुरते बोलवावे. त्याचाही तो पोटाचा व्यवसाय आहे, ठरलेली रक्कम त्याला वेळेवर द्यावी.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर कडक शब्दांत लिहिले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि ते गाव आपले निर्णय सर्वसहमतीने घेते. ज्या भागात गावकरी जंगलाचा कारभार एकत्र बसून करतात, तिथे लग्नखर्चाची मर्यादा एकत्र बसून ठरवणे जड जाऊ नये. एकट्याने खर्च कमी केला तर 'कंजूष' म्हणतात. गावाने मिळून केला की ती रीत होते.

स्वाध्याय (घरी सर्वांनी मिळून करावा)

१. मागच्या लग्नात फोटो-व्हिडिओवर किती खर्च झाला? तो उसाच्या किंवा धानाच्या वजनात मांडा.
२. तो अल्बम वर्षभरात किती वेळा उघडला?
३. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाचा एक स्वच्छ फोटो आहे काय? नसेल तर लग्नाची वाट पाहू नका, या आठवड्यातच काढा.
४. आपल्या १२ फोटोंची यादी लिहा आणि कोण काढणार त्यांची नावे पुढे घाला.
५. वाचलेली रक्कम कशाला लावाल ते आजच ठरवा : बेणे, ठिबक, मुलीच्या नावे ठेव की जुने देणे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहून ठेवावे. जो पैसा कशासाठी वाचवायचा हे ठरलेले नसते, तो मांडवातच संपतो.