आकडा कोणाच्या बोटावरून ठरला?

रात्री खोलीतले दिवे मालवा आणि पेटत्या विजेरीच्या काचेवर एक बोट दाबून धरा. बोट लालभडक उजळलेले दिसेल. विजेरीच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. पण निळा आणि हिरवा प्रकाश बोटातच शोषला जातो आणि पलीकडे येतो तो बहुतांशी लाल. आता घरातल्या इतरांचीही बोटे तशीच धरून पाहा. आजीचे, धाकट्या भावाचे, दिवसभर उन्हात राबणाऱ्या काकांचे. प्रत्येकाच्या बोटातून येणारा उजेड सारखा नसतो. कोणाचे बोट जाड, कोणाचे बारीक. कोणाची त्वचा उजळ, कोणाची सावळी.

याच उजेडावर चालणारे एक उपकरण २०२० आणि २०२१ साली, करोनाच्या साथीत, आपल्याकडे घरोघर येऊन पोहोचले. कपड्याच्या चिमट्यासारखा दिसणारा तो ऑक्सिमीटर बोटाला लावायचा आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण वाचायचे. आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवायचे, हे तेव्हा लहान मुलांनाही पाठ झाले होते. हा आकडा येतो कोठून आणि तो सर्वांच्या बाबतीत सारखाच खरा असतो काय, हे आज पाहू.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन तांबडेलाल दिसते, तर प्राणवायू सोडलेले काळपट. काळपट याचा अर्थ ते लाल प्रकाश जास्त शोषते. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशात तर हा फरक जवळजवळ दहापट आहे. उलट ९४० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिनच थोडे अधिक शोषण करते. तेव्हा हे दोन प्रकाश बोटातून आळीपाळीने पाठवून पलीकडे किती पोहोचला याची तुलना केली, तर रक्तातील प्राणवायूचा अंदाज बांधता येईल.

पण बोटात काही नुसते रक्त नसते. कातडी, मांस, हाड, नख हे सगळे प्रकाश अडवतात. त्यांचा हिशेब कसा वेगळा काढायचा? हे कोडे जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने सोडवले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो निहोन कोहदेन या कंपनीत हृदयातून बाहेर पडणारे रक्त मोजण्याची एक पद्धत सुधारत होता. त्यासाठी रक्तात रंगद्रव्य सोडून कानाच्या पाळीतून जाणारा प्रकाश मोजावा लागे. नाडीच्या ठोक्यांमुळे त्याच्या आलेखात बारीक लाटा उमटत आणि मोजमापात अडथळा येई. त्या लाटा पुसून टाकण्याच्या खटपटीत त्याच्या लक्षात आले, की आपल्याला हवी ती माहिती या लाटांमध्येच आहे. दर ठोक्याला रोहिण्यांमध्ये थोडे ताजे रक्त येते आणि प्रकाश किंचित कमी होतो. कातडी, हाड आणि नख ठोक्याबरोबर बदलत नाहीत. म्हणून प्रकाशातील बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायचा. १९७४ साली त्याने ही कल्पना मांडली. एप्रिल २०२० मध्ये, सारे जग त्याच्या कल्पनेवर चालणारे उपकरण विकत घेण्यासाठी धावपळ करीत असताना, आओयागीचे निधन झाले.

या युक्तीतील गणित सोपे आहे. समजा, एका खिडकीतून दिव्याचा प्रकाश येतो आहे आणि तो लुकलुकताना १०० वरून ९८ वर उतरतो. म्हणजे २ टक्के बदल. आता खिडकीची काच इतकी मळली, की निम्माच प्रकाश आत येतो. तो ५० वरून ४९ वर उतरेल. बदल पुन्हा २ टक्केच! काच कितीही मळकी असो, टक्केवारी तीच राहते. त्वचेचा रंग म्हणजे ही मळकी काच असे मानले, तर भागाकारात तो नाहीसा व्हायला हवा.

हे उदाहरण मी वर्गात कित्येक वर्षे देत आलो. एकदा शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे माझ्यासारख्या काळ्या मुलीचं बोट असलं तरी आकडा बरोबरच येणार?" मी ठामपणे "होय" म्हणालो, आणि वर फळ्यावर ते समीकरण लिहून दाखवले. समीकरणात चूक नव्हती. माझे उत्तर मात्र चुकीचे होते.

त्याचे असे आहे. समीकरणात आपण ६६० नॅनोमीटर असे लिहितो, पण ऑक्सिमीटरमधला छोटा दिवा, ज्याला एलईडी म्हणतात, तो काही नेमकी एकच तरंगलांबी देत नाही. ६६० च्या आसपासचा एक पट्टाच त्यातून बाहेर पडतो. त्वचेला काळेपणा देणारे मेलॅनिन हे द्रव्य या पट्ट्यातील आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषते आणि लांब तरंगलांबीचा कमी. म्हणजे आपली खिडकीची काच नुसती मळकी नाही, ती थोडी रंगीत आहे. गडद त्वचेतून पार होऊन रक्तापर्यंत पोहोचणारा लाल प्रकाश त्यामुळे किंचित लांब तरंगलांबीकडे सरकतो. तेथे काळपट हिमोग्लोबिनचे शोषण झपाट्याने कमी होत जाते. रक्त आहे त्यापेक्षा अधिक लाल भासते आणि आकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. शिवाय गडद त्वचेतून मुळातच कमी प्रकाश बाहेर येतो, तेव्हा नाडीची लाटही क्षीण होते. आणि क्षीण संकेतात इकडचा तिकडचा प्रकाश मिसळला, की चूक वाढते. वृद्ध माणसाची थंड पडलेली, रक्तपुरवठा मंदावलेली बोटेही अशाच अडचणी निर्माण करतात.

चूक मोठी आकडा दाखवण्याच्या दिशेने होते, हे येथे फार महत्त्वाचे आहे. लहान दाखवणारे उपकरण फार तर विनाकारण दवाखान्यात पाठवील. मोठा दाखवणारे उपकरण आजारी माणसाला घरी बसवते.

आता दुसरा मुद्दा. दोन प्रकाशांच्या बदलांचे गुणोत्तर मिळाले, तरी त्यावरून टक्केवारी कशी काढायची? ढोबळमानाने असे सूत्र सांगतात: गुणोत्तराला २५ ने गुणा आणि ११० मधून वजा करा. गुणोत्तर १ असेल तर ८५ टक्के आणि ०.५ असेल तर साडेसत्याण्णव. हे ११० आणि २५ आले कोठून? ते कागदावर सिद्ध केलेले नाहीत, माणसांवर मोजून काढलेले आहेत. तापमापीवर आपण वितळणारे बर्फ आणि उकळते पाणी वापरून खुणा करतो, त्याला अंशांकन म्हणतात. ऑक्सिमीटरचे अंशांकन धडधाकट स्वयंसेवकांवर होते. त्यांना देखरेखीखाली कमी प्राणवायूची हवा देतात, रोहिणीतून रक्त काढून त्यातील प्राणवायू प्रयोगशाळेत थेट मोजतात आणि त्याच क्षणीचे गुणोत्तर शेजारी लिहून ठेवतात. हे फार खाली नेता येत नाही. सुमारे ७० टक्क्यांवर थांबावेच लागते.

म्हणजे तुमच्या बोटावर जो आकडा उमटतो, तो कोणा परक्या माणसांच्या बोटांशी तुमच्या बोटाची केलेली तुलना असते. ती माणसे कोण होती? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनेत किमान १० निरोगी माणसे पुरेशी मानली होती. त्यांपैकी किमान दोघे किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितके, गडद त्वचेचे असावेत, एवढीच अट होती. दहांत दोन! भौतिकीच्या प्रात्यक्षिकात तुम्ही दोन वाचनांवरून आलेख काढलात तर मी वही परत करीन.

गडद त्वचेत चूक होते, हे शास्त्रज्ञांना अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९९० साली आणि पुन्हा २००५ साली तसे निबंध प्रसिद्ध झाले होते. पण दवाखान्यांतील व्यवहार बदलला नाही. मग डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी रुग्णालयातील नोंदींतून ऑक्सिमीटरचे वाचन आणि जवळजवळ त्याच वेळी रोहिणीतून घेतलेल्या रक्ताचे मोजमाप अशा हजारो जोड्या जुळवल्या. ऑक्सिमीटरने ९२ ते ९६ म्हणजे बऱ्यापैकी ठीक आकडा दाखवला असताना रक्तातील खरे प्रमाण ८८ च्याही खाली, असे किती वेळा घडले? गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत १०० जोड्यांत सुमारे ३.६ वेळा आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ११.७ वेळा. जवळजवळ तिप्पट. साथ ऐन भरात असताना प्राणवायू कोणाला द्यायचा, खाट कोणाला द्यायची, हे याच आकड्यावर ठरत होते. पुढे २०२२ मधील एका अभ्यासात असेही दिसले, की या चुकीमुळे कृष्णवर्णीय रुग्ण उपचारास पात्र झाल्याचे उशिरा ओळखले जात होते.

येथे एक सावधगिरी. त्या नोंदींमध्ये रुग्णाचा वंश लिहिलेला होता, त्वचेचा रंग मोजलेला नव्हता. प्रकाशाला वंश समजत नाही, त्याला फक्त मेलॅनिन समजते. आपल्याकडे तर एकाच घरात गव्हाळ आणि काळासावळा असे दोन सख्खे भाऊ असतात. म्हणून मिशिगनचे ११.७ जसेच्या तसे उचलून सांगली-सोलापूरला लावता येणार नाही. आपल्या बोटांवर आपणच मोजले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या सूचनेचा मसुदा काढला. त्यात दीडशे किंवा अधिक माणसांवर चाचणी घ्यावी आणि त्वचेचा रंग नुसता डोळ्यांनी न ठरवता उपकरणानेही मोजावा, असे सुचवले आहे. मला ही दुसरी सूचना अधिक मोलाची वाटते.

जे उपकरणाचे, तेच औषधाचे. अॅस्पिरिनची गोष्ट पाहा. ते हृदयविकाराचा पहिला झटका टाळते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९८२ साली एक मोठी चाचणी सुरू झाली. त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि ते सगळे पुरुष होते. झटक्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झाले. हाच निष्कर्ष स्त्रियांनाही लागू असेल, असे सहज गृहीत धरले जाई. मग ३९,८७६ स्त्रियांवर सुमारे दहा वर्षे चाचणी झाली आणि २००५ साली निकाल आला. एकंदर स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यावर म्हणण्यासारखा परिणाम नाही. मात्र मेंदूच्या झटक्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी कमी. दोन्ही चाचण्यांत गोळीची मात्रा वेगळी होती, तेव्हा सगळा फरक स्त्री-पुरुष भेदाचाच, असे म्हणता येत नाही. पण पुरुषांचा आकडा स्त्रियांसाठी वापरणे चूक होते, एवढे नक्की.

वयाचेही तेच. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ वृद्धांवर, ज्यांतील बहुतेक सत्तरीच्या वरचे होते, अशीच चाचणी घेतली गेली. २०१८ साली निकाल लागला: हृदयाला लक्षणीय फायदा नाही, उलट मोठा रक्तस्राव होण्याचे प्रमाण वाढले. तरुण शरीरात जो तराजू फायद्याकडे झुकतो, तो वृद्ध शरीरात उलटा झुकू शकतो. (ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांची गोष्ट निराळी. आजोबांची गोळी हा लेख वाचून बंद करू नका!)

स्त्रियांना चाचण्यांतून वगळण्यामागे भीतीही होती. थॅलिडोमाइड या औषधामुळे १९६० च्या सुमारास हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. त्याचा धसका घेऊन १९७७ साली अमेरिकेत मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवण्याची सूचना निघाली. ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. हेतू संरक्षणाचा होता. पण चाचणीतून वगळलेली स्त्री औषध घेण्यातून काही वगळली जात नाही. ती ते घेतेच, फक्त तिच्यासाठी खुणा न केलेल्या तापमापीसह.

घरातला ऑक्सिमीटर अजून कोठे खणात पडला असेल तर काढा. नखाला रंग असेल तर पुसा, हात चोळून गरम करा आणि बोट स्थिर ठेवून आकडा ठरेपर्यंत थांबा. एकाच माणसाचे वाचन दिवसातून तीन-चार वेळा लिहून ठेवा; एकट्या आकड्यापेक्षा तो ९८ वरून ९४ वर उतरला, ही माहिती अधिक उपयोगी. आणि दम लागत असेल तर आकडा काहीही असो, डॉक्टरांकडे जा. मग खोक्यातील घडी घातलेला कागद उलगडा. त्यावर अचूकता अधिक-उणे २ टक्के असे काहीसे छापलेले असेल. त्याचा अर्थ सगळी वाचने दोन टक्क्यांच्या आत असा नसून, चाचणीतील सुमारे दोन तृतीयांश वाचने तेवढ्या अंतरात होती, असा असतो. ती चाचणी किती माणसांवर, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या रंगाच्या, हे त्या कागदावर कोठे लिहिले आहे काय, ते शोधा.