मोटारीच्या चाकाची आंतली बाजू



घरची मोटार धुण्याचें काम बहुधा सुटीच्या दिवशीं सकाळीं निघतें. टप पुसला जातो, कांचा लखलखीत होतात, आणि चाकांवर एक बादली पाणी फेंकलें कीं काम आटोपलें असें सर्वजण मानतात. वस्तुतः मोटारीचा सर्वांत अधिक मळणारा व सर्वांत अधिक श्रम सोसणारा भाग म्हणजे चाक होय. आणि चाकाचा जो भाग डोळ्यांस दिसत नाहीं, त्यावरच मळाचा जाड थर सांचतो. हा मळ कोठून येतो, त्यापासून अपाय कोणता, व तो कसा काढावा, ह्या तीन गोष्टींचा विचार येथें क्रमानें करूं.

बैलगाडीचें चाक तुम्हीं पाहिलें असेल. मधला तुंबा, त्यांत बसविलेले आरे, भोंवतीं लांकडी घेर आणि त्यावर लोखंडी धांव, अशी त्याची रचना असते. त्याचीं दोन्ही अंगें उघडीं असतात. चिखल लागला तर तो दिसतो आणि वाळल्यावर बराचसा गळून पडतो. मोटारीचें चाक तसें नाहीं. त्याची रिम एखाद्या आंखूड, रुंद नळकांड्यासारखी असते. बाहेरच्या अंगास आरे किंवा तबकडी, आंत पोकळी, आणि त्या पोकळींत ब्रेक. मागच्या बाजूनें उडालेला चिखल ह्या पोकळींत शिरतो. आणि चाक वेगानें फिरूं लागलें कीं तो बाहेर पडण्याऐवजीं रिमच्या आंतील घेरावर अधिकच दाबून बसतो.

चिखलाच्या जोडीस दुसरा मळ असतो तो ब्रेकांचा. मोटार थांबविण्यासाठीं बिडाच्या फिरत्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, दोन बाजूंनीं पॅड दाबले जातात. अशा ब्रेकाचें पेटंट इंग्लंडमध्यें फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनीं १९०२ सालींच घेतलें होतें. पण १९५३ साली फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीनें जिंकली, तेव्हांपासून त्याचें महत्त्व सर्वांस पटूं लागलें. घर्षणानें डिस्कचे लोहकण व पॅडची भुकटी सुटते, आणि ती तप्त स्थितींत रिमवर जाऊन चिकटते. चाकावर जी काळसर तपकिरी पूड दिसते ती नुसती रस्त्याची धूळ नव्हे. तिच्यांत लोखंड असतें.

हें घर्षण किती मोठें, हें एका साध्या हिशेबानें कळेल. खंडाळ्याहून बोरघाटानें खोपोलीस उतरतांना मोटार सुमारें ५०० मीटर खालीं येते. मोटारीचें वजन १,००० किलोग्रॅम धरलें, तर ह्या उतारांत सुमारें ४९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेनें २५ अंश तपमानाचें सुमारें १५ लिटर पाणी उकळीस येईल! ह्या ऊर्जेचा कांहीं भाग एंजिनाच्या व हवेच्या रोधांत खर्ची पडतो. उरलेला सर्व भार ब्रेकांवर येतो. घाट उतरून आलेल्या मोटारीचीं चाकें काळीं कां दिसतात, ह्याचें उत्तर ह्या हिशेबांत आहे.

पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक काळीं होतात, ह्याचेंही कारण आहे. ब्रेक लावतांच मोटारीचा भार पुढें झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकांस अधिक काम करावें लागतें. शिवाय पुष्कळ लहान मोटारींना मागें ड्रमचे ब्रेक असतात. त्यांची भुकटी बहुतांशीं ड्रमच्या पोटांतच राहते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत वेग कमी करतांना बरीच ऊर्जा पुन्हा बॅटरींत साठविली जाते, म्हणून त्यांत ही भुकटी कमी निघते. चिखल मात्र सर्वांस सारखाच.

आतां अपायाकडे वळूं. पहिला अपाय तोलाचा. रिमच्या आंतील घेरावर एके ठिकाणीं ५० ग्रॅम चिखल वाळून बसला आहे असें समजा. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या लहान मोटारीचें चाक एका सेकंदांत सुमारें बारा फेरे घेतें. त्या वेगानें तो चिमूटभर वाटणारा चिखल चाकास सुमारें ५ किलोग्रॅम वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढतो, आणि ती ओढ प्रत्येक फेऱ्यांत दिशा बदलते. सुकाणूचें चक्र थरथरूं लागतें, टायर वांकडे झिजतात, सांधे खिळखिळे होतात. वेग निम्मा केला तर ही ओढ निम्मी होत नाहीं, चौथाईवर येते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. पावसाळ्यांत काळ्या मातीच्या रस्त्यानें जाऊन आल्यावर गाडी थरथरूं लागली, तर कारखान्यांत नेण्यापूर्वीं चाकांच्या आंत पाहावें.

दुसरा अपाय गंजाचा. पोलादी रिम लाल गंजते हें सर्वांस ठाऊक आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचीं चाकें (बुगाटीच्या टाइप ३५ ह्या शर्यतीच्या मोटारीस तीं १९२४ सालीं लावलीं होतीं) तशीं लाल गंजत नाहींत; पण त्यांवरील पारदर्शक लेपास चरा पडला कीं ओल आंत शिरते व पांढरी भुकटी धरूं लागते. कोंकणांतील खाऱ्या हवेंत हा विकार लवकर बळावतो. तिसरा अपाय ह्यांतूनच उद्भवतो. ट्यूब नसलेल्या टायरांत हवा कोंडून धरण्याचें काम रिमचे कांठ करतात. कांठ गंजून खडबडीत झाले म्हणजे हवा हळूहळू निसटते, आणि पंक्चर तर कोठेंच सांपडत नाहीं.

आतां धुण्याची रीत. चाकें पूर्ण थंड झाल्यावांचून पाण्याचा थेंबही टाकूं नये. तापलेल्या डिस्कवर एकदम थंड पाणी पडल्यास ती वांकण्याचा संभव असतो, आणि साबण वाळून डाग पडतात तें वेगळेंच. मोटार सावलींत, सपाट जागीं उभी करावी. टप धुण्यापूर्वीं चाकें धुवावीं, म्हणजे चाकांचा मळ धुतलेल्या टपावर उडणार नाहीं. चाकांची बादली, ब्रश व फडकीं निराळीं ठेवावीं. त्यांतील लोहकण टपाच्या रंगावर ओरखडे पाडतात. कोरडी भुकटी फुंकून अथवा झटकून उडवूं नये. जुन्या गाड्यांच्या ब्रेकांत ॲस्बेस्टॉस असे, व त्याचे तंतु फुप्फुसास घातक आहेत. पण कोणतीही ब्रेकाची धूळ श्वासावाटे आंत न जाईल तर बरें. म्हणून ती आधीं भिजवावी, मगच काढावी.

वाळलेला चिखल खरवडूं नये. त्यावर पाणी सोडून पांच दहा मिनिटें मुरूं द्यावें, म्हणजे तो आपोआप सुटतो. नंतर सौम्य साबणाच्या पाण्यांत लांब दांड्याचा मऊ ब्रश बुडवून तो आऱ्यांमधून आंत घालावा आणि प्रथम आंतील घेर घासावा. बाटल्या धुण्याचा ब्रशही चालतो. मात्र त्याच्या टोंकाच्या तारेवर चिंधी बांधावी. त्यानंतर आऱ्यांची पाठ, मग नटांचीं भोंकें, मग बाहेरचें तोंड, आणि सर्वांत शेवटीं टायर, हा क्रम सोडूं नये. ब्रेकाच्या आड आलेला भाग राहून जातो. म्हणून मोठ्या माणसाकडून मोटार थोडी पुढें घेववावी आणि तो भाग पुन्हा घासावा. आंतील बाजूस चिकटविलेलीं लहान वजनें दिसलीं तर तीं मळ समजून उपटूं नयेत. तीं चाकाचा तोल राखण्यासाठींच लावलेलीं असतात.

येथें रसायनशास्त्राचा एक धडा उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमला आम्ल व अल्क हीं दोन्ही खातात. म्हणून चिंच, तीव्र आम्लें, कॉस्टिक सोडा, राख, वाळू व तारेची घासणी, ह्यांपैकीं कांहींही ह्या चाकांस लावूं नये. पितळेची घागर चिंचेनें उजळते, चाक उजळत नाहीं. लोहकण अगदींच घट्ट बसले असल्यास थायोग्लायकोलिक आम्लाच्या क्षाराचें द्रावण बाजारांत मिळतें. लोखंडाशीं संयोग होतांच त्याचा रंग जांभळा होतो. त्याचा वास उग्र असतो. तें रबरी हातमोजे घालून मोठ्या माणसानेंच लावावें, आणि वाळण्यापूर्वीं भरपूर पाण्यानें धुऊन टाकावें. हें मळकें पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यांत सोडूं नये. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन ह्या राज्यांनीं २०१० सालीं ब्रेकांच्या पॅडमधील तांब्यावर कायद्यानें मर्यादा घातली, ती तें तांबें पाण्यांत जाऊन मासे व इतर जलचर दगावूं नयेत म्हणून.

इतकें करूनही पूर्ण स्वच्छता हवी असेल, तर वर्षांतून एक दोनदां चाक उतरवून धुवावें. टायरांची अदलाबदल करण्याची वेळ ह्यास सोयीची. हें काम मुलांनीं एकट्यानें कदापि करूं नये. हातब्रेक ओढून इतर चाकांस उटी लावावी. चाक जमिनीवर असतांनाच नट थोडे सैल करावे. जॅक नेमलेल्या जागींच लावावा, व त्याच्या जोडीस भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या मोटारीखालीं हात किंवा डोकें घालणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. चाक परत बसवितांना समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे. किती जोरानें, तें मोटारीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर ते एकदां पुन्हा तपासावे. तेल, मेण किंवा टायरची चकाकी डिस्कला बिलकुल लागूं देऊं नये. शेवटीं मोटार हळू चालवून ब्रेक दोन चार वेळां दाबावा, म्हणजे ओली डिस्क वाळते व ब्रेक लागतो कीं नाहीं ह्याची खात्री होते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायांत प्रभु येशूनें पेल्याचें उदाहरण देऊन आधीं आंतली बाजू स्वच्छ करण्यास सांगितलें आहे. तो उपदेश अंतःकरणाविषयीं आहे, चाकाविषयीं नव्हे. पण जो मुलगा कोणी पाहत नसतां रिमची आंतली बाजू घासतो, त्यास त्या उपदेशाचा अर्थ वर्गांतल्यापेक्षां लवकर उमगेल. आणि पालकांस एक विनंती. मोटार धुण्यास नोकर असला तरी एखाद्या रविवारीं उपासनेनंतर मुलांच्या हातीं ब्रश द्यावा. काम झालें कीं पांढरें फडकें आंतील घेरावरून फिरवून पाहावें. फडकें पांढरेंच राहिलें तर मुलास शाबासकी द्यावी; काळें झालें तर बादली पुन्हा भरावी.