आधी घरची वीज पाहा, मग कन्सोल घ्या

टीव्ही, गेमिंग कन्सोल किंवा मुलांसाठी संगणक घेताना आपण मॉडेल पाहतो, किंमत पाहतो, हप्ता किती बसेल ते पाहतो. पण ती वस्तू ज्या विजेवर चालणार, ती विचारातच घेत नाही. आमच्या टोंकखुर्दसारख्या, देवास शहरापासून दूरच्या तहसिलीच्या गावात हा विचार सगळ्यात आधी करायला हवा.

मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी वादळ झालं. लाइट गेली आणि थोड्या वेळाने आली. पुतण्याने लगेच कन्सोल लावला. तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा डोळे दिपतील असा पांढराफटक झाला आणि तो ओरडला, "काका, पंखा बघा!" पंखा घरघरत सुटला होता. मेन स्विचपर्यंत पोहोचेस्तोवर टीव्हीमागून फट्‌ असा आवाज आला आणि जळक्या रबरासारखा वास खोलीभर पसरला. टीव्ही, कन्सोल, सेट-टॉप बॉक्स आणि मोबाइलचे दोन चार्जर, सगळं गेलं. शेजारी मात्र त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. फेज उतरली असेल म्हणून ते गप्प बसले होते.

दोन्ही घरांचं दुखणं एकच होतं: डीपीकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून, येणारी न्यूट्रलची तार तुटली होती. घरात एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट मिळतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात विषम वाटले जातात. ज्या बाजूला जास्त उपकरणं चालू, तिथे विजेचा दाब उतरतो. जिथे कमी, तिथे तो तीनशेच्याही वर चढू शकतो. चार्जर आणि अडॅप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. इतका चढलेला दाब त्यांनी सोसावा कसा?

यात ज्या साधनांवर आपली भिस्त असते, ती कामाला येत नाहीत. एमसीबी करंट जास्त झाला की पडतो, नुसता दाब वाढल्याने नाही. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो. दाब चढलेलाच राहिला तर तो स्वतः जळतो. वायरमनकडून मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो पुरवठा तोडतो आणि सुरळीत झाल्यावर थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. नव्या कन्सोलच्या किमतीपुढे त्याचा खर्च अगदी किरकोळ आहे.

अर्थिंगही तपासून घ्या. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते दुखणं अंगावर काढू नका. आपल्या माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या तारेवर लाइट चालवण्याचा जुगाड मात्र मुळीच करू नका. त्यात घरातल्या माणसाला शॉक बसून जीव जाऊ शकतो.

दिवे एकाएकी लख्ख झाले किंवा मंदावले, पंख्याचा वेग बदलला, तर कारण शोधत बसू नका. आधी मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना हाक मारून त्यांनाही पाडायला सांगा आणि मग १९१२ वर तक्रार नोंदवा. वीज कडाडू लागली की टीव्हीचा प्लग तर काढाच, डिशची आणि इंटरनेटची केबलही काढा, कारण झटका त्या वाटेनेही येतो. गेलेली लाइट परत आली तरी काही मिनिटं थांबूनच प्लग लावा.

नुकसान झालंच तर जळालेली वस्तू लगेच भंगारात देऊ नका. फोटो काढा, बिलं शोधा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, मेकॅनिककडून बिघाडाचं कारण लेखी घ्या. दाब वाढून झालेला बिघाड वॉरंटीत बहुधा बसत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वीजपुरवठा ही सेवा आहे. तिच्यात कसूर झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही. मार्गदर्शन हवं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

नवी वस्तू घरी यायच्या आधी वायरमनला बोलवा. त्याच्या मीटरने बोर्डावरचा दाब संध्याकाळी, ऐन वापराच्या वेळी मोजून घ्या. तो २०७ ते २५३ व्होल्टच्या बाहेर जात असेल तर आधी तक्रार करा, प्रोटेक्टर बसवा. खरेदी त्यानंतर.