ता. क. मधली गोळी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलंय. यजमान ७२ वर्षांचे, निवृत्त इंजिनिअर. टॅक्सचे कागद आयुष्यभर स्वतः भरले. यंदा एकाच बिलाचा चेक दोनदा पाठवला. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले आणि 'झालं' म्हणून पेन खाली ठेवलं. पेट स्कॅनमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलेलं दिसलं. म्हणजे अल्झायमर, सुरुवातीची पायरी. आता लेकॅनेमॅबचं माहितीपत्रक हातात पडलंय. सिॲटलची मुलगी म्हणते, उशीर नको. ताई विचारतात, 'ह्यांना हे औषध द्यावं का?'

ताई, आधी हे औषध काय करत नाही ते सांगतो. गेलेली आठवण परत येत नाही. लेकॅनेमॅब मेंदूतलं अमायलॉइड खरवडून काढतं, स्कॅनवर ते स्पष्ट दिसतं. आजाराची घसरण मात्र थांबत नाही, थोडी मंदावते. जवळपास १८०० रुग्णांवर १८ महिने चाचणी झाली. औषध घेणारेही घसरले आणि खोटं सलाइन घेणारेही घसरले. १८ गुणांच्या मोजपट्टीवर एक गट १.२१ नं, दुसरा १.६६ नं. फरक ०.४५ चा. त्या पट्टीवरची सगळ्यात लहान पायरीच अर्ध्या गुणाची आहे! जाहिरातीत हाच फरक '२७ टक्के' होऊन येतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण माझ्या पेशंटना मी पहिला आधी सांगतो. ढोबळमानानं, इतरांची जी अवस्था तेराव्या महिन्यात होते, ती औषध घेणाऱ्यांची अठराव्यात होते.

हे पाच महिने क्षुल्लक आहेत असं मला वाटत नाही. माणूस अजून पत्ते खेळतोय, नातीला गणित शिकवतोय, त्या काळातले ते पाच महिने आहेत. २०२१ साली मंजूर झालेल्या ॲड्युकॅनुमॅब या अशाच औषधावर मोठं वादंग झालं आणि २०२४ मध्ये कंपनीनं ते गुंडाळलं. त्या मानानं लेकॅनेमॅब आणि महिन्यातून एकदा दिलं जाणारं डोनानेमॅब यांच्यामागचा पुरावा भक्कम आहे.

पण किंमत मोजावी लागते, आणि ती फक्त डॉलरमध्ये नाही. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी तासाभराचं सलाइन, म्हणजे वर्षाला २६ खेपा. गाडी कोण चालवणार? सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय. मेडिकेअर बहुतेक खर्च उचलतं. उरलेल्या २० टक्क्यांचं तुमच्या पूरक विम्याला विचारा. अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही बसलेलं असतं. ते निघताना भिंत पाझरते, मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतात. याला आरिया म्हणतात. चाचणीत आठांपैकी एकाला अशी सूज आली. बहुतेकांना कळलंही नाही, एमआरआयवरच दिसली. काहींचं डोकं दुखलं, गोंधळ वाढला. अशा रक्तस्रावानं या औषधांवर असलेली काही माणसं दगावलीही आहेत.

म्हणून आधी एपीओई जनुकाची तपासणी करतात. एपीओई-४ च्या दोन प्रती असतील तर ही सूज साधारण तिघांत एकाला येते. एक गोष्ट मात्र घरात आधी बोलून ठेवा: वडिलांना दोन प्रती निघाल्या, तर मुलीकडे किमान एक आहेच. तिला न विचारता तिचाही निकाल घरात येतो.

इथवर लिहून मी तुमचं पत्र पुन्हा उलगडलं आणि शेवटच्या पानाच्या तळाशी थबकलो. 'ता. क. ह्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्यानं तीन वर्षांपासून एलिक्विस चालू आहे.'

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आहे. एलिक्विस म्हणजे अ‍ॅपिक्साबॅन, रक्त गोठू न देणारी गोळी. पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या आणि ही गोळी, दोन्ही एकत्र नकोत. युरोपात अशा रुग्णांना लेकॅनेमॅब द्यायला सरळ मनाई आहे. अमेरिकेत लेबलवर जास्त खबरदारीचा इशारा आहे, पण इथल्या तज्ज्ञांची शिफारसही देऊ नये अशीच आहे. मग गोळीच बंद करू, असं कुणी सुचवेल. ते मला पटत नाही. अनियमित ठोक्यांत गोळी सोडली की पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि एक मोठा झटका या औषधानं मिळवलेले पाच महिने एका दुपारीत घेऊन जाईल. तुमच्या यजमानांसाठी माझं मत स्पष्ट आहे: हे औषध नको.

ज्या वाचकांकडे अशी गोळी नाही, एमआरआयवर जुन्या रक्तस्रावांचे ठिपके नाहीत आणि आजार खरोखर सुरुवातीचा आहे, त्यांनी जरूर विचार करावा. सुरू केलंत तर पाकिटात 'हे औषध चालू आहे' असं कार्ड ठेवा. अशा माणसाला पक्षाघातासारखी लक्षणं दिसली आणि इमर्जन्सीत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

नाही म्हटलं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. डोनेपेझिल जुनं आहे, स्वस्त आहे, काहींना थोडा उपयोग होतो. बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का? रक्तदाब, झोप, ऐकू येणं बघा. श्रवणयंत्र कपाटात पडून असेल तर बाहेर काढा. बँकेचं आणि वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र करायचं असेल तर आत्ताच करा, त्यांची सही त्यांच्या समजुतीनं होतेय तोवर.

आणखी एक. चार पानांत मुलगी काय म्हणते ते आहे, जावई, शेजारचे डॉक्टर काय म्हणतात तेही आहे. 'हे म्हणतात' असं एकदाही नाही. या पायरीवरचा माणूस निर्णय घेऊ शकतो. माझं उत्तर त्यांना वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते न्यूरॉलॉजिस्टकडे त्यांनाच सांगू द्या. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या, आणि एलिक्विस त्या दिवशीही चुकवू नका.