शून्य म्हणजे रिकामं नव्हे

एका घाऊक व्यापाऱ्याच्या हिशेबात महिनाअखेरीस घोळ निघाला. ज्या मालावर सवलत द्यायचीच नव्हती, त्यालाही पाच टक्के सवलत लागलेली. बिलिंगची वेब सर्व्हिस दुसऱ्या कंपनीची. तिथून उत्तर आलं, "तुम्ही सवलत पाठवलीच नाहीत, म्हणून आमचा डीफॉल्ट लागला." इकडे स्क्रीनवर तर ऑपरेटरनं स्वच्छ ० भरलेलं!

शून्य वाटेत गळत होतं. स्क्रीनवरची माहिती त्या सर्व्हिसला पाठवणारी जुनी पायथन स्क्रिप्ट प्रत्येक ऐच्छिक पॅरामीटरला 'इफ सवलत' एवढंच विचारायची आणि पायथनच्या लेखी ०, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स आणि नन सगळे एकाच माळेचे मणी. 'इफ सवलत इज नॉट नन' केल्यावर शून्य पोचू लागलं.

तेव्हापासून ऐच्छिक पॅरामीटर दिसला की मी आधी शोधतो, हा पाठवलाच नाही तर समोरचा काय धरून चालतो?

पुढची खबरदारी लायब्ररीची. यूआरएलच्या पॅरामीटरमध्ये नन असेल तर 'रिक्वेस्ट्स' तो पॅरामीटर मुकाट गाळते. पायथनचं स्वतःचं 'यूआरएलएनकोड' मात्र नन हा शब्दच अक्षरशः चिकटवून देतं. जेसन बॉडीत तोच नन 'नल' होऊन जातो आणि तिथे खरा धोका आहे. २०१४ च्या आरएफसी ७३९६ प्रमाणे, म्हणजे जेसन मर्ज पॅचमध्ये, नलचा अर्थ 'हे फील्ड काढून टाका'. बदलायचा असतो फक्त पत्ता, पण सोबत फोनसाठी नल गेला तर ग्राहकाचा नंबर पुसला जातो.

म्हणून जिथे 'दिलं नाही' आणि 'मुद्दाम रिकामं केलं' यांत फरक पडतो, तिथे नन डीफॉल्ट ठेवू नका. 'ऑब्जेक्ट' वापरून एक स्वतंत्र खूण बनवा, तीच डीफॉल्ट द्या आणि पाठवताना 'इज नॉट' नं तपासून फक्त ती खूण गाळा. हे गाळणं एकाच फंक्शनमध्ये असू द्या. दहा ठिकाणी दहा 'इफ' लिहिले की एखादा हमखास वेगळा निघतो.

अशा गडबडीत बहुधा एरर येत नाही, २०० चं उत्तर येतं आणि सगळे निर्धास्त राहतात. तेव्हा प्रत्येक पॅरामीटर न देता, नन देऊन, रिकामा देऊन आणि शून्य देऊन पाहा. रिक्वेस्ट न पाठवता नुसती 'प्रिपेअर' करा, तिचा यूआरएल आणि बॉडी छापा. खात्री तिथे करा, कोड वाचून नव्हे.