गोणी तेराशेची, तपासणी पस्तीसची

डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना आणताना फारसा विचार होत नाही. शेजारच्या रानात दोन पडल्या, म्हणून आपल्याही दोन. माती तपासायची म्हटली की मात्र पहिला प्रश्न: किती घेतात?

कृषी विभागाच्या जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळेत सर्वसाधारण नमुन्याचा दर बरीच वर्षं ३५ रुपये आहे आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी २०० रुपये. निघण्याआधी चालू दर फोनवर विचारून घ्यावा. कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत दर थोडे वर जातात. कारखाने आपल्या सभासदांना बहुधा सवलत देतात. खासगी प्रयोगशाळेत पूर्ण तपासणी काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढेही जाते. तिथे निदान अहवाल लवकर मिळतो, आणि फळबागायतदाराला तेवढ्यासाठी पैसे मोजणं परवडतं.

फुकट तपासणीच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेली मृद आरोग्य पत्रिका योजना. तिच्या पत्रिकेत बारा घटक असतात. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एकच नमुना घेतला जात होता. म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. नमुना आपल्या गटातून घेतला होता का, हे कृषी सहायकाला विचारूनच तिच्यावर खताचा हिशेब बसवावा. दुसरी वाट म्हणजे खतविक्रेत्याने घडवून आणलेली मोफत तपासणी. अहवालाखाली त्याच दुकानातल्या पाच-सहा मालांची यादी असेल, तर ती तपासणी सगळ्यात महाग पडते.

काय तपासायचं हे पिकावर ठरवावं. ज्वारी, हरभरा, सोयाबीनच्या रानाला सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश पुरेसे आहेत. नवं पान पिवळं पडत असेल किंवा ऊस, डाळिंब, द्राक्ष, मोसंबी असेल, तर लोह, जस्त, मंगल, तांबं आणि बोरॉन जोडून घ्यावं. भारी काळ्या रानात मुक्त चुन्याचं प्रमाणही मागावं. जिप्सम किती लागेल याची तपासणी सामू साडेआठच्या वर गेल्याशिवाय मागू नये. एरवी ते पैसे वाया जातात. कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीचा नमुना असेल तर स्फुरद ब्रे पद्धतीने काढणार का, हे विचारावं. काळ्या मातीसाठीची ओल्सेन पद्धत तिथे योग्य नाही.

आता नमुना. पैसे वाया जातात ते इथेच. एक एकर रानाच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात सुमारे नऊ लाख किलो माती असते. तिच्यातली अर्धा किलो तुम्ही पिशवीत भरता आणि सेंद्रिय कर्बासाठी प्रयोगशाळेचा माणूस त्यातली जेमतेम ग्रॅमभर घेतो. बांधाकडेची दोन खोरी माती नेली तर अहवाल बांधाचाच येणार.

पीक निघाल्यावर, शेणखत-रासायनिक खत पडायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये नमुना घ्यावा. रान नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडाव्यात. बांध, झाडाची सावली, उकिरडा, गोठा, विहिरीचा काठ, पाणी साचणारी खोलगट जागा सोडावी. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करावा, साधारण २० ते २२ सेंटिमीटर. आतली सैल माती काढून टाकावी आणि खड्ड्याच्या एका कडेवरून वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीचा काप घ्यावा. सगळे काप गोणपाटावर एकत्र करून ढेकळं फोडावीत, ढिगाचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. उरलेले दोन मिसळून पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती सावलीत वाळवायची, उन्हात किंवा चुलीवर नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची असतील तर लोखंडी फावडं आणि गंजकी पाटी नको. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं साधन वापरावं. आणि खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरणाऱ्यांना तर हात जोडावेत.

एकाच गटात वर मुरमाड आणि खाली काळी माती असेल, तर दोन नमुने आणि दोन फिया. इथे काटकसर करू नये. फळबागेसाठी एक, दोन आणि तीन फूट खोलीचे वेगळे नमुने लागतात. चिठ्ठीवर नाव, गाव, गट क्रमांक, मागचं पीक, येणारं पीक आणि पाण्याची सोय लिहावी. येणारं पीक लिहिलं नाही, तर शिफारस कशाची करणार?

अहवालातले आकडे हेक्टरी असतात. एकरासाठी अडीचने भागा. ही गल्लत फार होते. उपलब्ध स्फुरद हेक्टरी १४ किलोच्या आत असेल तर कमी, पालाश १५०च्या आत असेल तर कमी, सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या आत असेल तर कमी. जस्ताची किमान पातळी ०.६ पीपीएम. आपल्याकडच्या काळ्या रानात नत्र कमी आणि पालाश भरपूर असा अहवाल सर्रास येतो. पातळी कमी असेल तर शिफारशीच्या सव्वापट खत आणि जास्त असेल तर पाव हिस्सा कपात, असा ठोकताळा आहे. पैशात बघा: पिकाला हेक्टरी ६० किलो स्फुरदाची शिफारस आहे आणि मातीत स्फुरद जास्त निघालं, तर १५ किलो कमी लागेल. म्हणजे साधारण ३३ किलो डीएपी वाचलं. त्यातून जाणारं नत्र युरियाने भरून काढलं तरी हेक्टरी आठशेच्या आसपास रुपये खिशात राहतात.

लोहाचं गणित मात्र फसवं आहे. अहवालात लोह पुरेसं दिसतं, तरी उसावर केवडा पडतो. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. कारण चुनखडी. मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले की फसफस होते, तोच तो चुना. अशा रानात हिराकस नुसतं फेकलं तर ते लवकरच पिकाला न मिळणाऱ्या रूपात जातं. शेणखतात मुरवून द्यावं किंवा फवारावं. चिलेटेड लोह जमिनीतून द्यायचं असेल तर डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. स्वस्तातलं ईडीटीए लोह जास्त सामूच्या मातीत टिकत नाही.

बंगल्याभोवतीच्या बागेला प्रयोगशाळेचा अहवाल चालतो. फक्त हेक्टरी १०० किलो म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम हे ध्यानात ठेवावं. गॅलरीतल्या कुंड्यांतली कोकोपीटची माती मात्र तपासायला नेऊ नका. ते सगळे आकडे शेतमातीसाठी बसवलेले आहेत. ऑनलाइन मिळणारे मातीत खुपसायचे बिनबॅटरीचे मीटरही घेऊ नका, सामूच्या बाबतीत त्यांचा काटा भरवशाचा नसतो. नव्या बांधकामाच्या आवारात अनंत पिवळा पडत असेल तर चमचाभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. जोरात फेस आला तर सिमेंट-चुन्याचा राडारोडा मिसळलाय. तपासणीचे पैसे वाचवा आणि अनंत कोकणातल्या तांबड्या मातीच्या कुंडीत हलवा. बोअरचं पाणी जड असेल तर तिथे पावसाचं साठवलेलं पाणी घालायचं.